दुसऱ्याने बांधलेला पट्टा

वांगदाची भीती पोटात नव्हती, कमरेला होती. मुलाखत म्हटली की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते. वांगदाचा कमरपट्टा सैल व्हायचा. खरोखर सैल व्हायचा की त्याला नुसतं तसं वाटायचं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण एकदा तसं वाटलं की समोरचा काय विचारतोय याकडे त्याचं लक्षच राहायचं नाही. गेल्या वर्षी एका खात्यात त्याला गावाचं नाव विचारलं, तर या पठ्ठ्याने दोन्ही हातांनी कंबर धरली आणि वडिलांचं नाव सांगितलं. ती नोकरी अर्थातच दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

भूतानमध्ये सरकारी मुलाखतीला पुरुषांनी घो नेसायचा असतो, आणि घो नेसणं हे काही शर्टाची बटणं लावण्याइतकं सोपं काम नाही. पायघोळ वस्त्र गुडघ्यापर्यंत वर ओढायचं, पाठीमागे दोन सरळ चुण्या पाडायच्या, वरचं कापड पोटाशी खोळीसारखं सोडायचं आणि हा सगळा डोलारा एका अरुंद पट्ट्याने आवळून धरायचा. शाळेत एक बाजू वर, एक बाजू खाली असली तरी भागतं, मास्तर फार तर कान पिळतात. पण वांगदा पुढे तीन वर्षं कोइम्बतूरला शिकायला गेला, जीन्समध्ये वावरला आणि हाताला होती नव्हती ती सवयही गेली. थिंफूला परतला तेव्हा त्याचं इंग्रजी चांगलं झालं होतं आणि स्वतःचा घो मात्र त्याला स्वतःला बांधता येत नव्हता. सव्वीस वर्षांच्या माणसाला हे कुणाला सांगायचीही सोय नसते.

तो बहिणीकडे राहायचा. यांगझोम ताईचं बिऱ्हाड थिंफूच्या बाबेसा भागात, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. तिचा नवरा दोफू ग्रामीण पूल मंडळात ड्रायव्हर होता, तोही थेट संचालकांच्या गाडीवर. संचालकांना सगळे मानाने दाशो म्हणत. दोफू तर घरात त्यांचं नाव निघालं तरी पाय जवळ घेऊन बसायचा. बाकी माणूस एकदम मोकळा. ओठ विड्याने कायम लाल, बोटांच्या टोकांना चुना, आणि हसला की शेजारच्यांचं झोपलेलं मूल उठायचं.

याच पूल मंडळात दोन सहायकांच्या जागा निघाल्या. दोफूने ती बातमी अशी आणली, जणू नोकरी त्यालाच लागली होती.

"मी दाशोंच्या कानावर घालू का?" त्याने विचारलं. "फार नाही, एवढंच की माझा मेहुणा येतोय, पोरगा बरा आहे."

"मुळीच नको, भाओजी," वांगदा म्हणाला. "वशिल्याने लागला म्हणतील लोक. उलट तिथे तुम्ही मला ओळखसुद्धा दाखवू नका."

दोफू मान डोलावत बायकोला म्हणाला, "बघ, तुझा भाऊ मानी आहे. स्वतःच्या बळावर घेणार म्हणतोय. आपल्याला नव्हतं बाई हे सुचलं."

वांगदाचे कान तापले. कारण त्यामागे मानीपणा नव्हताच. कोइम्बतूरला असताना 'माझे भाओजी मंडळात असतात' हे वाक्य त्याने इतक्या वेळा आणि अशा काही आवाजात टाकलं होतं, की ऐकणाऱ्यांनी दोफूला परस्पर साहेब करून टाकलं होतं. त्याने ते खोडलं नाही. त्या ऐकणाऱ्यांतला योंतेन, ज्याचे वडील खरोखरचे साहेब होते, याच जागेसाठी अर्ज करून बसला होता. वांगदाला वशिल्याची लाज नव्हती. त्याला ड्रायव्हरची लाज वाटत होती.

मुलाखतीच्या आधीचे काही दिवस रोज सकाळी घरात तालीम चालायची. दोफूने आपला स्वतःचा घो काढून दिला होता. तो त्याच्या लग्नातला होता, त्याच्या सासूने, म्हणजे वांगदाच्याच आईने, विणलेला; गडद तांबडा, त्यावर मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या रेघा. आई गेल्यापासून दोफू तो वर्षाच्या सणालाच काढायचा.

"हात वर कर. असा. आता हलू नकोस," दोफू मागून म्हणायचा. चुण्या पाडायला, कापड धरायला आणि पट्टा ओढायला त्याला दोन्ही हात पुरायचे नाहीत. म्हणून हातात जे असेल ते, कंगवा, चुन्याची डबी, गाडीची किल्ली, तो सरळ वांगदाच्या पोटाशी झालेल्या खोळीत टाकायचा आणि काम झालं की काढून घ्यायचा.

"तुझं पोट म्हणजे माझं कपाट," तो हसायचा. "मुलाखतीत विचारलं काय काय येतं, तर सांग, भाओजींचं सामान सांभाळता येतं."

"तेवढं तरी धड सांभाळतो का बघा," ताई चुलीजवळून म्हणायची. ती लाल भातावर मिरच्यांचं चीजमधलं कालवण वाढायची आणि दोघांना जेवायला बसा म्हणून ओरडायची.

पट्ट्याचा शेवटचा वेढा घालताना दोफू नेहमी एकच गोष्ट सांगायचा. "श्वास सोड. सगळा सोड, काही ठेवू नकोस." वांगदा श्वास सोडायचा, पोट आत जायचं आणि त्याच क्षणी दोफू पट्टा असा आवळायचा की डोळ्यांत पाणी यावं. "आता घे. बघ, आता तुला स्वतःला धरून उभं राहावं लागत नाही. हा धरतो. मी पहिल्यांदा दाशोंच्या गाडीवर बसलो तेव्हा माझे पाय ब्रेकवर थरथरत होते. हा पट्टा होता म्हणून निभावलं."

आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. दोफूच्या हातचा पट्टा बसला की वांगदाला आवाज सापडायचा. तो खोलीभर फिरत इंग्रजीत आणि झोंखा भाषेत उत्तरं म्हणायचा, भिंतीसमोर वाकून, वरिष्ठांपुढे सोडायची रीत असते तसं, खांद्यावरचं पांढरं उपरणं जमिनीपर्यंत सोडायचा, आणि ताई मुलाखत घेणाऱ्यांच्या वतीने गंभीर चेहऱ्याने मान हलवायची.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बर्फ पडेल असं आभाळ होतं. दोफूने पट्टा बांधला, आतल्या सदऱ्याच्या पांढऱ्या बाह्यांच्या घड्या सारख्या केल्या, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि वांगदाच्या कपाळावर स्वतःचं कपाळ टेकवलं. मग तो दाशोंना आणायला गाडी घेऊन गेला. वांगदा टॅक्सीने गेला, ठरल्याप्रमाणे वेगळा.

मंडळाच्या वरच्या मजल्यावर एक लांब व्हरांडा होता आणि त्यात उमेदवारांसाठी बाक. योंतेन आधीच येऊन बसला होता. त्याचा घो नवा, मोजे नवे, बूट असे की त्यात तोंड दिसावं. त्याने वांगदाला शेजारी जागा करून दिली आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय रे, तुझे ते भाओजी याच मंडळात ना? मग काय, तुझं झालंच म्हणायचं."

"नाही रे, ते दुसऱ्या विभागात असतात," वांगदा म्हणाला.

तिथे शिपाई सगळ्यांना गोड चहा देत होता. वांगदाने एक कप घेतला, मग योंतेनने पुढचं काही विचारू नये म्हणून दुसरा घेतला, आणि व्हायचं तेच झालं. त्याला स्वच्छतागृहाकडे धावावं लागलं. थंडी, चहा आणि मुलाखत एकत्र आल्यावर दुसरं काय होणार. पण घो आवरून धरताना मागची एक चुणी सुटली. ती सारखी करायला त्याने पट्टा थोडा वर सरकवला, तर पुढचं कापड खाली आलं. पुढचं ओढलं तर पाठ फुगली. आरशात पाहिलं तेव्हा डाव्या गुडघ्याखाली वीतभर घो लोंबत होता, आणि दोफूने इतक्या जिव्हाळ्याने बांधलेल्या पट्ट्याचं सुटलेलं टोक त्याच्याच हातात होतं.

तो दोन्ही हातांनी कंबर धरून बाहेर आला. आत एक उमेदवार होता, त्याच्यानंतर वांगदाचा नंबर. व्हरांड्याच्या खिडकीतून खाली गाड्या दिसत होत्या. दोफू दाशोंची गाडी पुसत होता. वांगदाने काचेवर टकटक केली. दोफूने वर पाहिलं, मेहुण्याचा चेहरा पाहिला, त्याने कंबर कशी धरलीय ते पाहिलं आणि हातातलं फडकं तिथेच टाकून जिन्याकडे धावला.

तो धापा टाकतच वर आला. तोंडात विडा होता, तो त्याने गालात सारला. पांढऱ्या बाह्यांना डाग लागू नये म्हणून बोटं आपल्याच घोला पुसली. मग गाडीची किल्ली, रोजच्यासारखी, वांगदाच्या खोळीत टाकून तो व्हरांड्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि कापड ओढू लागला. एका शब्दानेही त्याने ओळख दाखवली नाही. दिलेला शब्द तो पाळत होता.

बाकावरचे सगळे बघत होते. योंतेनला मौज वाटली.

"कोण रे हा?" त्याने विचारलं.

खरं तर वांगदाला गप्प बसता आलं असतं. 'मदत करतोय' एवढं म्हणता आलं असतं. पण लाज अंगात आली की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो.

"ड्रायव्हर आहे इथला," तो म्हणाला. "असली कामं बरी जमतात या लोकांना. म्हणून बोलावला."

पाठीवरचे हात थांबले. फार वेळ नाही. पुढचा वेढा घालायच्या आधी कुणी बोटं मोकळी करतं, तेवढेच. मग पट्टा फिरला आणि मागून दोफूचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"श्वास सोडा, साहेब."

वांगदाने श्वास सोडला. पट्टा आवळला गेला. आज तर तो रोजच्यापेक्षाही सुरेख बसला. दोफू उठला, गुडघे झटकले, कुणाकडेही न बघता जिन्याने खाली गेला. खोळीतली किल्ली काढून घ्यायची त्याला आठवण राहिली नाही, आणि वांगदाच्या कानांत तो 'साहेब' इतका घुमत होता की पोटाशी काही जड आहे हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

आत तिघं होते. मध्ये दाशो, त्यांच्या मानाचं लाल उपरणं खांद्यावर, वयस्क आणि थकलेले. उजवीकडे आस्थापना विभागाच्या बाई, डावीकडे एक अभियंता. वांगदा वाकला, पांढरं उपरणं सोडलं, खुर्चीत बसला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटावं अशी उत्तरं देत गेला. पट्टा त्याला धरून होता. अभियंत्याने त्याच्या गावच्या झुलत्या पुलाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की पावसाळ्यात पुलाच्या फळ्या इतक्या निसरड्या होतात की म्हाताऱ्या बायका त्यावरून बसून सरकत जातात, आणि फळ्यांऐवजी जाळी बसवली तर गुरं बिचकतात. दाशो पुढे सरकून ऐकू लागले.

शेवटी बाईंनी चष्मा वर करत विचारलं, "आपल्या मंडळात तुमच्या नात्यातलं कुणी कामाला आहे का? असलं तरी काही बिघडत नाही. आम्हाला फक्त माहीत असावं लागतं."

काही बिघडत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. दार मात्र अर्धवट उघडं होतं आणि दाराबाहेर योंतेन बसला होता.

"कुणी नाही," वांगदा म्हणाला.

"ठीक आहे. या तुम्ही."

तो उठला, मागे सरकला आणि निघतानाचा नमस्कार करायला आला तेव्हापेक्षाही खाली वाकला. मुलाखत चांगली झाल्याच्या आनंदात जरा जास्तच खाली. पोटाशी लोंबणारी खोळ उलटली आणि गाडीची किल्ली खणखणत फरशीवर पडली.

तिला एका लामांनी मंत्रून दिलेला लाल दोरा होता आणि दोऱ्यात एक लहानशी पितळी घंटा. ती थोडी वाजली आणि थांबली.

"अरे," दाशो वाकून बघत म्हणाले, "ही तर माझ्या गाडीची किल्ली."

वांगदाने ती उचलली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. बोलायला हवं होतं. "बाहेर माझा पट्टा सुटला होता, दाशो. दोफूंनी बांधून दिला. तेव्हा राहिली असावी."

"दोफू?" बाई म्हणाल्या. "नावानिशी ओळखता?"

त्याच्या चेहऱ्याला चटके बसू लागले. हीच वेळ होती. 'माझे भाओजी आहेत, मघाशी चुकलो' हे एवढंच वाक्य होतं, आणि ते त्याच्या जिभेवर आलंही. पण तेवढ्यात दाशोंनी घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितलं, "खालून दोफूला बोलाव."

दोफू आला. येतानाच त्याने विडा थुंकून तोंड पुसलेलं दिसत होतं. त्याने किल्ली पाहिली, वांगदाचा चेहरा पाहिला, आणि काय झालं असेल ते त्याला कळलं. तो दाशोंसमोर वाकून उभा राहिला.

"काय रे, हा तुझा कोण?" दाशोंनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, ते जवळजवळ हसतच होते.

वांगदा दोफूकडे बघत होता. दोफूने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

"कुणी नाही, दाशो," दोफू म्हणाला. "उमेदवार आहेत. यांचा पट्टा सुटला होता, बांधून दिला. किल्ली विसरलो, चुकलं माझं."

दाशो हसले आणि बाईंकडे वळले. "लिहा तसं. हा माणूस इतकी वर्षं माझ्याकडे आहे, खोटं बोलायचं याला सुचत नाही. एकदा गाडीला ओरखडा आला तर मी झोपेतून उठायच्या आधी दारात येऊन बसला होता सांगायला."

बाईंनी लिहिलं. दोफूने किल्ली घेतली, उलट पावली बाहेर गेला, आणि वांगदा त्याच्या मागोमाग. व्हरांड्यात वांगदाने हात पुढे केला, पण दोफू तोवर जिन्याच्या वळणावर होता. वांगदाला आयुष्यात पूर्वीही लाज वाटली होती. गरीब गावाची, उसन्या बुटांची, मोडक्या इंग्रजीची. त्या दिवशी त्याला कळलं की ती लाज नव्हतीच, तो नुसता अवघडलेपणा होता. ही निराळी होती. ही अंगावरच्या कपड्यात होती आणि तो कपडा त्याच्या आईने विणला होता.

संध्याकाळी ताईने विचारलं, "कसं झालं?"

"झकास झालं," दोफू म्हणाला आणि हात धुवायला गेला.

वांगदा त्याच्या मागे मोरीपाशी गेला. "भाओजी, मी उद्या जाऊन दाशोंना खरं सांगतो."

"काय सांगणार?"

"की तुम्ही माझे कोण आहात ते."

दोफूने बोटांवरचा चुना घासून काढला. "तू तुझं खोटं मोडशील, पोरा. पण त्याच्याबरोबर माझंही मोडेल. तू आज आलास, उद्या दुसरीकडे अर्ज करशील. मला रोज त्यांच्या पुढच्या सीटवर बसायचंय. ते मागून विचारतात, 'दोफू, रस्ता बरा आहे का,' आणि मी बरा आहे म्हटलं की डोळे मिटतात. त्यांना तसंच मिटू दे."

"मला माफ करा."

"जेवायला चल. ताईला यातलं काही कळता कामा नये. तिच्या आईच्या घोची गोष्ट आहे ही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर वांगदाला घास तरी गिळता आला असता.

निकाल लागला. दोन जागांवर दोन नावं होती, वांगदा आणि योंतेन. ताईने देवासमोर लोण्याचे दिवे लावले, शेजाऱ्यांना लोणी घातलेला चहा पाजला आणि प्रत्येकाला सांगितलं की दोघं एकाच कचेरीत जाणार, आता काय, एकाला दुसऱ्याचा आधार. दोफू तिच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता. फक्त त्याचं ते शेजारच्यांचं मूल उठवणारं हसू हल्ली ऐकू येत नव्हतं.

कामावर जायच्या पहिल्या दिवशी वांगदा सगळ्यांच्या आधी उठला. दोफूला हाक मारायचं तोंड त्याला नव्हतं, आणि दोफूही आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. वांगदाने दार लावून, आरशासमोर, पट्टा दातात धरून, भिंतीला पाठ दाबून, येईल तसा घो नेसला. श्वास सोडला, पट्टा ओढला, पण स्वतःचा श्वास सोडून स्वतःच ओढायला गेलं की हातात जोर उरत नाही. तो बाहेर आला तेव्हा ताई चुलीपाशी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे काय? भाओजींना सांग की बांधायला."

"उशीर होतोय," म्हणून तो निघाला.

मंडळाच्या त्याच व्हरांड्यात नव्या माणसांची ओळख करून द्यायला सगळे जमले होते. दाशो आले, त्यांच्या मागे फायली घेऊन दोफू. वांगदा वाकला आणि वाकताना त्याला कमरेपाशी ते जुनं, ओळखीचं वाटलं. या वेळी तो भास नव्हता. डावी बाजू सुटली आणि घो नडगीपर्यंत खाली आला. कुणीतरी फिसकन हसलं. योंतेन तोंडावर हात धरून उभा होता.

"असू दे, असू दे," दाशो म्हणाले. चांगला माणूस होता. "आमचा दोफू आहे ना. त्या दिवशीही त्यानेच सावरलं होतं तुम्हाला. दोफू, जरा बांध रे यांचा."

दोफूने फायली खिडकीत ठेवल्या. किल्लीही फायलींवर ठेवली, नीट, घंटा वाजू न देता. मग तो सगळ्यांसमोर वांगदाच्या मागे गुडघे टेकून बसला. चुण्या सरळ झाल्या. कापड गुडघ्याशी आलं. तेच हात, तीच शिस्त, तोच विड्याचा आणि चुन्याचा वास. वांगदाच्या डोळ्यांसमोर घरातली सकाळ उभी राहिली, कंगवा, चुन्याची डबी, ताईची हाक. आता आपलं काय व्हायचं ते होवो, असं त्याला वाटलं. भाओजींचं काय होईल हे त्या क्षणी त्याच्या मनात आलं नाही. तेवढा विचार करणारा तो असता तर ही वेळच आली नसती.

"श्वास सोडा, साहेब," दोफू म्हणाला.

"भाओजी," वांगदा म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

योंतेनने तोंडावरचा हात काढला. दाशोंनी मान वळवून आधी वांगदाकडे आणि मग खाली दोफूकडे पाहिलं.

पट्टा आवळला गेला. वांगदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, जसं रोज यायचं. दोफू उठला, त्याने गुडघे झटकले आणि लाल ओठांनी, अदबीने हसला.

"कुणाला म्हणताय, साहेब?" तो म्हणाला. "घरची आठवण आली वाटतं. पहिल्या दिवशी होतं असं."

लोक हसले. दाशोही हसले आणि आपल्या खोलीकडे वळले. दोफूने किल्ली उचलली आणि तो गाडी लावायला खाली गेला. वांगदा तिथेच उभा राहिला, घो गुडघ्याशी बरोबर, पाठीवर दोन सरळ चुण्या, आणि त्या दिवसभरात त्याचा पट्टा एकदाही सैल झाला नाही.